सहा नंबर

बर्फ मी आणायचो. आगशीच्या धक्क्यावरून,
बांगड्याच्या क्रेटवर उरलेला, भुसा झटकून.
आणि वीब्रन पोस्तमा, वय चौतीस,
निळ्या टबात गुडघे बुडवून बसायचा,
देवळाच्या तळीत पाय सोडून बसतात तसा.
अंगाला बांगड्याचा वास. तक्रार नव्हती.
त्याच्या गावी, म्हणे, हेरिंगचा येतो.

मी क्लबचं सामान सांभाळणारा, मूळचा पेडण्याचा.
सदरे, मोजे, चेंडूंची जाळी, हवा मारायचा पंप.
खेळाडूचं अर्धं चरित्र धुण्यात कळतं.
गोल मारणाऱ्याच्या छातीवर गवताचे डाग,
गोलकीच्या कोपरांना तांबडी माती.
ह्याचा सहा नंबर नुसता घामाने भिजलेला
आणि गळ्याशी दातांच्या खुणा.

टबात बसून सांगायचा, तुकड्या-तुकड्यांनी.
सतराव्या वर्षी पहिला सामना.
एकोणिसाव्या वर्षी मोठ्या क्लबने नेला,
तीन वर्षांत अकरा वेळा खेळवला,
मग उसना दिला.
शेजारी वाटीभर साखर देतात तसा माणूस!
परत आला तोवर जागेवर दुसरं पोरगं.
मग घोटा मोडला. मग बेल्जियम. मग सायप्रस,
तिथे पाच महिने पगार नव्हता, पण संत्री फुकट.
देशाच्या संघात एकदाच बोलावलं,
नव्वद मिनिटं बाकावर, जॅकेटची चेन वर-खाली.
तो सदरा आईकडे आहे.
घातला नाही, म्हणून धुतलाही नाही.

फातोर्ड्याला लोक ओरडायचे, "हो कितें करता रे?"
खरंच, काय करायचा?
चालायचा. चेंडू यायच्या आधी
एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा उजव्या,
हमरस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखा.
मग एकच पास, साधा, दहा-बारा हातांवर,
आणि अख्खं मैदान किंचित कलायचं.
कोंकणी एकच शब्द शिकला. थंय.
बोट दाखवायचा नाही. नुसतं थंय,
की आमचा जोवेल सुटायचा,
कधी चेंडूच्या आधी पोचायचा, कधी चेंडू गेल्यावर.

सरावानंतर लंगडत खाजनाच्या बांधावर जायचा.
मानशीवर कायतान असायचा, विडी कानावर.
भरती चढली की मानशीच्या फळ्या आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात, शेत बुडत नाही.
पोस्तमा उकिडवा बसून बघत राहिला,
तेही त्या गुडघ्यांवर.
आमच्याकडे हे विजेवर चालतं, म्हणाला, पण काम हेच.
कायतानला इंग्रजी येत नाही.
दोघं तासभर बोलले.
मी मध्ये दुभाषी होतो आणि कुणी मला विचारलं नाही.

उपांत्य सामन्यात आम्ही एकने पुढे.
अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पाटीवर लाल सहा पेटला.
तो सगळ्यात जवळच्या रेषेवरून बाहेर पडला,
झाडांमागून, कॉर्नरच्या झेंड्याला वळसा घालून,
एकटाच, अर्धं स्टेडियम फिरून बाकावर आला.
त्यानंतर दोन खाल्ले. का, ते कुणी बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळी,
आणि नाव छापलेलं पोस्टमन.
मी भीत भीत वाचून दाखवलं.
इतका हसला की टबातलं पाणी सांडलं.

मे महिन्यात विमान. जाताना पाकीट दिलं,
आत पैसे, आणि बर्फाचा हिशेब त्याच्या अक्षरात,
किती पाट्या, कुठल्या तारखेला.
एक पाटी मी चुकून जास्त लावली होती,
तीसुद्धा मांडलेली, शेजारी छोटासा प्रश्न.

सहा नंबर आता फोंड्याच्या एका पोराकडे आहे.
चेंडू पायाला चिकटवून फिरतो, मागे बघत नाही.
गळा मी नवा शिवून घेतला.

परवा धक्क्यावर इनासने विचारलं,
तुझो तो उंच गोरो, बर्फ नाका ताका?
गेला, म्हटलं.
खंय?
जाळी खांद्यावर होती, दोन्ही हात अडकलेले.
नदीकडे नुसती मान वळवली.
थंय.